ब्राझीलचा इवाई

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी जगभरातल्या अनोळखी माणसांना पाठवली. नवरदेवाचं आणि त्यांचं आडनाव एक होतं, एवढाच काय तो त्यांचा त्या लग्नाशी संबंध.

मूर्खपणा होता, हे आज मला मान्य आहे. त्या दिवशी मात्र मी स्वतःवर खूश होतो. आमच्याकडे एका आडनावाची माणसं म्हणजे भाऊकी. भाऊकीतल्या एकाही घरी पत्रिका गेली नाही तर ते घर पिढीभर लक्षात ठेवतं आणि त्यांच्या लग्नात आपल्याला मुद्दाम थंड वरण वाढतं. हा नियम समुद्रापलीकडे चालत नाही, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

नवरदेवाचं आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते लावणारा आणखी एखादा पाहुणा उगवायचा, आणि आता माझ्या घरात गाद्या उरलेल्या नाहीत.

मी कारंज्याचा, म्हणजे घाडग्यांच्या कारंज्याचा. नागपूर-अमरावती रस्त्यावर ट्रकच्या सुट्या भागांचं माझं दुकान आहे. दुकान बरं चालतं, कारण ते ट्रकवर चालतं, माझ्या अकलेवर नाही. माझ्या अकलेचा गावातला लौकिक आर्वीच्या एका लग्नापासूनचा आहे. त्या लग्नात मी नवरीच्या बापाला कडकडून मिठी मारली, आहेर दिला, दोनदा बासुंदी घेतली आणि बाहेर येऊन पान लावताना कळलं, की आपलं लग्न रस्त्याच्या त्या बाजूच्या मंगल कार्यालयात आहे. पलीकडे गेलो तर तिथली पंगत उठलेली. ज्या लग्नाला मी नव्हतो, ते माझ्या सख्ख्या साडूच्या मुलीचं होतं. साडू आजही फोनवर आधी विचारतो, ‘‘आज कोणाच्या घरी आहात?’’

मुलगी यंत्रांची अभियंता. शिकायला इटलीला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. एका रविवारी तिचा फोन आला.

‘‘बाबा, एक मुलगा आहे.’’

‘‘कुठला?’’

‘‘इथलाच.’’

‘‘इथला म्हणजे? नागपूरचा, की पुण्याकडचा?’’

‘‘इथला म्हणजे इथला, बाबा. इटलीचा.’’

आयुष्यातल्या अशा क्षणी बापाने काय बोलावं, याचा सराव कोणालाच नसतो. मी विचारलं, ‘‘तिकडे थंडी कशी आहे?’’ बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. चुकीचं उत्तर देणाऱ्याला खाली बसवण्याची तिला सवय आहे.

बायकोला मुलगा पसंत पडला. मला बायकोची पसंती पसंत पडली. पण आमच्या घरातली सोयरीक आम्ही दोघं ठरवत नाही. ती ठरवते माझी मोठी बहीण. आम्ही तिला बाई म्हणतो. ती रोहण्याला दिलेली, भाऊजी गेल्यापासून शेती तीच पाहते. बायकोची बदली दूर होती तेव्हा माझी मुलगी चौथीपर्यंत बाईपाशीच वाढली. त्यामुळे मुलीच्या मनात आई एक आहे आणि आत्या दीड.

बाई पिशवीभर वांगी घेऊन यष्टीने आली, ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘सांग. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, मामेकूळ कोणाचं?’’

‘‘बाई, तो इटलीचा आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मंग? इटलीत मानसं आभायातून पडतात काय? जात नाई इचारत मी. गोऱ्यायची जात कोण पाह्यते! पन कुळी तर असंन ना.’’

मग तिला फोनच्या पडद्यावर मुलगा दाखवला. त्याने हात जोडून ‘‘नमस्कार, आत्या’’ म्हटलं. माझ्या मुलीने पढवलेलं होतं, पण उच्चार आमच्या तहसीलदारापेक्षा स्वच्छ. बाईच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली. आडनाव त्याने सांगितलं. ते बाईने दोनदा तोंडात घोळवलं आणि ती माझ्याकडे वळली. मी साठीला आलो तरी ती मला लहान्या म्हणते.

‘‘लहान्या, तू दिवसभर दुकानात फोनमंधी तोंड खुपसून बसते. याची कुळी काढ.’’

अशा रीतीने एका इटालियन आडनावाचा शोध कारंज्याच्या हमरस्त्यावर, ब्रेक लायनर आणि गिअर ऑइलच्या डब्यांमध्ये सुरू झाला.

आणि सांगतो, काय मजा आली! त्या आडनावाचा अर्थ लोहार. जुन्या काळी तिथे प्रत्येक गावात एक लोहार असायचा, त्याच्या पोरांना लोक ‘लोहाराचा’ म्हणायचे, आणि जेव्हा माणसामागे आडनाव चिकटवायची वेळ आली तेव्हा तेच चिकटलं. मग पुढे त्या भागात वाईट दिवस आले. लोक मक्याच्या पिठाचं पिठलं खाऊन दिवस काढत. त्यांनी बिऱ्हाडं बांधली, बंदर गाठलं आणि मिळेल त्या जहाजात बसले. कोणी ब्राझीलला कॉफीच्या मळ्यात, कोणी अर्जेंटिनाला गव्हात, कोणी ऑस्ट्रेलियात ऊस तोडायला, कोणी बेल्जियमच्या कोळशात. लोहार गेले, आडनाव गेलं, ऐरण तेवढी घरी राहिली. आज ते आडनाव लावणाऱ्यांत दंतवैद्य आहेत, गवंडी आहेत, एक जण चक्क केस कापतो. लोखंडाला हात लावणारा शोधून सापडत नाही.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगायला लागलो. एक सरदार ड्रायव्हर क्लच प्लेट घ्यायला आला होता. त्याला मी जहाजं बंदरातून सुटेपर्यंत आणलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘भाईसाब, जहाज छूट गया, अब मेरी गाडी भी छोड़ो.’’

त्याला प्लेट द्यायला मी उठलो, आणि घात झाला तो तिथे. वाचत होतो ते पान अर्धंच राहिलं. त्याच पानावर खाली लिहिलं होतं, की प्रत्येक गावाचा लोहार वेगळा असल्यामुळे या आडनावाची घराणी सहसा एकमेकांची कोणीही लागत नाहीत. ते वाक्य मी पुढे वाचलं, पण केव्हा, तर पत्रिका जगभर गेल्यावर.

बाईला मी अहवाल दिला. मूळ गाव डोंगराच्या पायथ्याशी. बाप खरोखरचा लोहार, गावात त्याची स्वतःची भट्टी, फाटकं आणि जाळ्या करतो. हजारात एक निघालेला. आई वारलेली, आईकडचे मेंढपाळ.

‘‘हाताले काम असनारी मानसं,’’ बाई म्हणाली. ‘‘चालते. कर सोयरीक.’’

आम्ही तारीख धरली. हॉल धरला, बँड धरला, आचारी धरला. एवढं सगळं हातात धरल्यावर मुलीचा फोन आला, की मुलाचे वडील येणार नाहीत.

भांडण बापलेकांचं होतं, लग्नाशी त्याचा संबंध नव्हता. एकुलता एक मुलगा भट्टी न सांभाळता शहरात नोकरीला गेला, हे म्हाताऱ्याच्या मनातून गेलेलं नव्हतं. ‘‘भट्टी सोडताना मला विचारलंस का? मग लग्नही तुझं तूच कर,’’ असं तो म्हणाला होता. शिवाय हा गृहस्थ आयुष्यात विमानात बसलेला नव्हता. दुसरं कोणी काका-मामा? मुलगा म्हणाला, काका नाही, मामा मेंढ्या सोडून हलणार नाही.

मला वाटलं, नाही तर नाही. बाईला तसं वाटलं नाही.

आमच्याकडे वरात दाराशी आली की सगळ्यात आधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची भेट होते. व्याह्याला आम्ही इवाई म्हणतो. इवाई इवायाला शेला देतो, नारळ देतो, गळ्यात हार घालतो, दोघं गळाभेट घेतात, आणि अंगात दम असेल तो दुसऱ्याला कमरेत धरून उचलतो. ती भेट झाल्यावरच नवरदेव मांडवात शिरतो.

‘‘भेट कोन घेईन?’’ बाईने विचारलं.

‘‘मुलगाच घेईल.’’

‘‘नवरदेव सोताची भेट सोता घेईन काय? पोट्ट्याच्या मांगं उभा राह्यनारा एकबी मानूस नसंन, तं लोक म्हनतीन, पोरीनं पोट्टा पळवून आनला. माह्या पोरीले कोनी असं म्हनलेलं मी आयकून घेनार नाई. कोनीतरी आना. नाई तं मी मांडवात पाय ठेवत नाई.’’

ती रोहण्याला निघून गेली. वांगीसुद्धा न ठेवता.

मुलीला हे कळलं तेव्हा ती रडली नाही, हेच वाईट झालं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘आत्या मांडवात नसेल तर मी मांडवात नाही. इथे कचेरीत सही करून लग्न करणं मला नको आहे. थांबू आम्ही. त्याच्या बाबांचा राग जाईपर्यंत.’’

‘‘आणि नाही गेला तर?’’ बायकोने विचारलं.

एक सासरा इटलीत अडून बसलेला, एक आत्या रोहण्यात, आणि मधल्यामध्ये माझी पोर. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. यात माझी काहीच चूक नव्हती, पण आमच्या घरात चूक शोधायची वेळ आली की सोयीसाठी आधी मला पाहतात.

मग माझ्या डोक्यात तो दिवा पेटला. बाप येत नाही ना? भाऊकी तर आहे! आमच्या घराण्यात बाप रुसला की चुलता उभा राहतो, चुलता रुसला की चुलतचुलता. या आडनावाचे तर जगभर पडलेत. फोनवर त्या आडनावाच्या लोकांचा एक भलामोठा गट होता. शोध घेताना मी त्यात शिरलोच होतो. मी पत्रिकेचा फोटो काढला, गणपतीसकट. सोबत मजकूर लिहिला आणि फोनकडूनच त्याचं इटालियन आणि पोर्तुगीज करून घेतलं: ‘आपल्या घराण्यातल्या मुलाचं लग्न आहे. वडील नाराज आहेत. कोणीतरी वडीलधाऱ्याने येऊन उभं राहावं, नाहीतर लग्न अडतं. सहकुटुंब, सहपरिवार यावं. राहण्या-जेवण्याची सोय आमच्याकडे. हीच पत्रिका समक्ष समजावी.’

पाठवलं आणि गल्ल्यावर ऐटीत बसलो.

संध्याकाळपासून फोन वाजायला लागला. अभिनंदन, फुलं, हृदयं. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईने विचारलं, की चित्रातला हत्ती घराण्याचा आहे का. अर्जेंटिनाच्या एका वकिलाने कळवलं, की वडील नाराज असतील तर कायद्याने त्यांची गरज नाही. आणि दक्षिण ब्राझीलच्या एका निवृत्त बस ड्रायव्हरने चार शब्द लिहिले: ‘मी येतो. वाट पाहा.’

‘येतो’ म्हणणारे आपल्याकडेही पुष्कळ असतात. ‘येतो येतो, नक्की येतो’ म्हणजे येत नाही, हे कारंज्यातलं लहान मूलही जाणतं. ब्राझीलमध्ये त्याचा अर्थ ‘येतो’ असाच होतो, हे मला चार दिवसांनी कळलं, त्याने तिकिटाचा फोटो पाठवला तेव्हा. खाली एक ओळ: ‘या आडनावाने मला आजपर्यंत कोणी कुठे बोलावलं नव्हतं.’

तो फोटो मी बायकोला दाखवला. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘‘हे कोण?’’

‘‘मुलाकडचे.’’

‘‘मुलाला माहीत आहे?’’

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता, हे खरं.

मुलीचा आवाज त्या दिवशी फोनशिवायही आला असता. ‘‘बाबा! काय केलंत तुम्ही? ते आडनाव तिकडे गल्लोगल्ली आहे! महाराष्ट्रातल्या सगळ्या पाटलांना पत्रिका टाकल्यासारखं आहे हे! तो माणूस याचा कोणीच लागत नाही!’’ मागून हसण्याचा आवाज येत होता. तो होणारा जावई. तो हसतोय हे ऐकून मला पहिल्यांदा मनापासून वाटलं, की हा मुलगा आपल्या घरात टिकेल.

‘‘त्याला नाही म्हणून कळवा,’’ मुलगी म्हणाली.

बायको म्हणाली, ‘‘बाईंना विचारा आधी.’’

रोहण्याला जाताना मी रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. बाई अंगणात तूर झोडपणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवून उभी होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. अर्धवट वाचलेलं पान, पत्रिका, बस ड्रायव्हर, तिकीट.

‘‘आडनाव तेच हाय ना?’’ तिने विचारलं.

‘‘तेच आहे. पण नातं नाही, बाई.’’

‘‘भाऊकीत नातं कोनाचं असते रे? आपल्या भाऊकीत किती जनायचं नातं तुले ठावं हाय? आडनाव एक, सुतक एक, भांडनं एक. बस.’’ तिने सुपातला एक खडा उचलून फेकला. ‘‘ज्यानं तिकीट काढलं, त्याले नको येऊ म्हनाचं? पाव्हना हाय तो. येऊ दे. तोच उभा राहीन. भेट तोच घेईन. मी येतो मांडवात, सांग माह्या पोरीले.’’

मी तिथूनच मुलीला फोन लावला. यावेळी ती रडली, आणि मला फार बरं वाटलं.

इथवर माझी चूक नुसती निस्तरली गेली होती. तिचं सोनं झालं ते पुढे.

मुलाने बापाला फोन करून सांगितलं, की तुम्ही आला नाहीत तरी चालेल, सोय झाली आहे. ब्राझीलहून आपल्या आडनावाचे एक गृहस्थ येताहेत, ते तुमच्या जागी उभे राहतील. बापाने हातातला हातोडा खाली ठेवला. मग विचारलं, ‘‘ब्राझीलचा? कोण आहे तो? कोणत्या गावचा?’’

‘‘माहीत नाही. बस ड्रायव्हर होते.’’

‘‘आमच्यातलं ब्राझीलला कोणीही गेलेलं नाही. तो दरीपलीकडच्यांतला असेल. ते आमचे कोणी नाहीत.’’ आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बापाचाच फोन: त्या माणसाला हार घालणार आहेत का? तिसऱ्या दिवशी: तो कोट घालणार आहे का? त्यानंतरचा फोन विमानात डोकं दुखतं का, हे विचारायला होता.

मुलीने हे मला सांगितलं तेव्हा मी दुकानात उभा राहून मांडीवर थाप मारली. अरे, हे तर आपलेच! आमचा एक चुलता मुंजीला येणार नाही म्हणून हटून बसला होता. त्याच्या वाट्याचा पाट दुसऱ्या चुलत्याला दिला, असं नुसतं कानावर घातलं, तर आदल्या दिवशी बिछान्यासकट हजर. विनवण्यांनी जो हलत नाही तो मानासाठी धावत येतो. भाऊकीचा हा कायदा कारंज्यात आणि इटलीत एकच निघाला, आणि तो शोध, जगात कोणी केला असेल नसेल, माझ्या मूर्खपणाने केला.

ब्राझीलचा पाहुणा आधी आला. त्याला घ्यायला मी एकटा नागपूरच्या विमानतळावर गेलो. उंच, रापलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. मला बघितल्याबरोबर त्याने मला छातीशी धरलं. गाडीत बसलो आणि फोन मध्ये ठेवून, तो पोर्तुगीज बोलेल ते मराठी, मी मराठी बोलेन ते पोर्तुगीज, अशा गप्पा सुरू झाल्या. त्याचा पणजोबा जहाजातून उतरला तेव्हा त्याच्याजवळ म्हणे एक घोंगडी आणि हे आडनाव होतं. घोंगडी पहिल्याच पावसाळ्यात कुजली. मीही मला बसेस, ट्रक, गिअर यातलं जेवढं कळतं तेवढं सगळं सांगितलं. गप्पा अशा रंगल्या, की समोर चहाच्या टपऱ्या आणि ट्रकांची रांग दिसली तेव्हा मी सहज गावाची पाटी वाचली: जाम. आम्ही हैदराबादच्या रस्त्याला लागलो होतो. घर अमरावतीच्या रस्त्याला.

मागे फिरलो तर चूक कबूल केल्यासारखी होईल, म्हणून मी गाडी वर्ध्याकडे वळवली, आणि वर्धा, आर्वी असा अख्खा जिल्हा दाखवत त्याला कारंज्याला आणलं. दारात बायको उभीच होती. पाहुण्याने तिला फोनमधून सांगितलं, ‘‘तुमच्या यजमानांनी फार सुंदर लांबचा रस्ता निवडला.’’ त्याला सगळं कळलं होतं. पण ड्रायव्हर ड्रायव्हरला असं तोंडावर बोलत नाही.

बाईने त्याला पाटावर बसवून तिचे तीन प्रश्न विचारले. आडनाव त्याने सांगितलं. मूळ गाव माहीत नाही म्हणाला; डोंगर होता एवढंच ऐकलंय. मामेकूळ मात्र त्याने अर्धा तास सांगितलं, त्यात जर्मन होते, पोर्तुगीज होते, एक पोलंडची आजी होती. बाई शेवटी म्हणाली, ‘‘बाप्पा, मामेकूळ लय मोठं हाय याचं. जेवाले वाढा त्याले.’’

तिसऱ्या दिवशी मुलगी, जावई आणि खरा इवाई आले. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, मनगटं माझ्या पिंढरीएवढी. माझ्याशी हात मिळवला आणि पहिला प्रश्न: ‘‘तो कुठे आहे?’’

तो ओट्यावर चहा पीत होता. इवाई त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मुलाकडे वळून म्हणाला, ‘‘आमच्यातला नाही. कान बघ.’’

ब्राझीलवाला उठला आणि काहीतरी बोलला. चहा गोड आहे, बसा, एवढंच म्हणाला असं जावयाने नंतर सांगितलं. पण इवायाचा चेहरा एकदम बदलला. ते बोलणं शहरी इटालियन नव्हतं. डोंगराच्या पायथ्याची जुनी बोली होती ती, घोंगडी कुजली तरी चार पिढ्या ब्राझीलमध्ये टिकलेली. इवायाच्या गावात ती आता फक्त म्हातारे बोलतात. ‘‘माझी आजी असं बोलायची,’’ तो म्हणाला. आपल्याकडे उद्या विमानतळावर एखादा गोरा म्हातारा ‘‘काऊन गा, कवा आला?’’ म्हणाला तर कसं होईल, तसं झालं त्याचं. मग दोघं बसले आणि त्या बोलीत जेवणापर्यंत भांडले. मुद्दा एकच, आपण एकमेकांचे कोणी लागत नाही. दोघांचं एकमत होतं, तरी भांडण संपत नव्हतं. भाऊकी, दुसरं काय!

लग्नाच्या दिवशी वरात निघाली तेव्हा आमच्या रस्त्यावरचे ट्रक थांबले. बँडच्या पुढे ब्राझीलवाला नाचत होता, ज्याच्यासमोर आमचे पोट्टे थकून बाजूला झाले. इवाई नाचला नाही. काळा कोट घालून, छाती काढून, मुलाच्या घोड्याचा लगाम स्वतः धरून चालला. मधेच मुलाने वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बापाने वर पाहिलं नाही, पण तो हात तिथून हलू दिला नाही.

दाराशी भेटीची वेळ आली. मी शेला-नारळ घेऊन पुढे झालो, आणि समोर दोघं. ब्राझीलवाला लगेच एक पाऊल मागे सरला. जागा ज्याची त्याला दिली. तेवढ्यात इवायाने मागे हात घालून त्याची बाही पकडली आणि त्याला ओढून आपल्या शेजारी उभं केलं.

‘‘दोघायलेबी घाल हार,’’ बाई मागून म्हणाली. ‘‘बापालेबी, चुलत्यालेबी.’’

हार घातले. गळाभेटी झाल्या. इथे थांबलो असतो तर चाललं असतं. पण चारशे लोक बघत होते, आणि मला चेव आला. इवायाला उचलायचं! मी वाकलो, त्याच्या कमरेला मिठी घातली आणि जोर लावला. इवाई जागचा हलला नाही. ऐरण कधी हलते? हलली ती माझी कंबर. कट्‌ असा आवाज मला ऐकू आला, बँडमुळे बाकी कोणाला नाही. मी वाकलेला तसाच राहिलो. इवायाला वाटलं, आता त्याची पाळी. त्याने त्या दोन हातांनी मला उचललं, डोक्याच्या वर, आणि लोकांकडे फिरवून दाखवलं. मी ओरडलो. लोकांना वाटलं आनंदाने ओरडतोय. शिट्ट्या, फटाके. फेटा खाली, मी वर. तो फोटो आज आमच्या बैठकीत आहे, आणि माझा चेहरा पाहून येणारे म्हणतात, बापाला किती गहिवरून आलंय.

कन्यादान मी खुर्चीत बसून केलं. अक्षता पडल्या तेव्हा बाई मुलीच्या मागे उभी होती, हिरवं काठाचं लुगडं नेसून, सगळ्यांत ताठ. मंगलाष्टक संपलं आणि मुलगी वळून आधी तिच्याच गळ्यात पडली. बाईच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही हे मला सांगता येत नाही, कारण मला मान वळवता येत नव्हती. पण तिने माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला, आणि तो हात बोलला म्हणायला हरकत नाही.

जेवणं आटोपल्यावर आम्ही मांडवातच बसलो होतो. माझ्या पाठीला गरम पाण्याची पिशवी. ब्राझीलवाला फोनमधून म्हणाला, की आता पुढचा मेळावा त्याच्या गावी. या आडनावाचे सगळे आणि आम्हीसुद्धा. इवाई म्हणाला, मी येणार नाही, आणि लगेच विचारलं, केव्हा आहे?

मी तर हवेतच होतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘‘बघा बाई, एका पत्रिकेने किती देश एका मांडवात आणले मी! रुसलेला बाप आणला, लग्न वाचवलं. आता ब्राझीलच्या मेळाव्याला आपल्यातर्फे मीच जातो.’’

बाई पान लावत होती. चुना पुसलेलं बोट तिने माझ्या दिशेने केलं.

‘‘लहान्या, तू आधी आर्वीच्या लग्नाले बरोबर हॉलात जाजो, मंग ब्राझीलले जाजो.’’